कॉस्टिंग कागदावर, इन्कम टॅक्स स्क्रीनवर

पत्र : मी फोंडाघाटला राहते आणि कणकवलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. वय 34. लग्नानंतर अर्धवट राहिलेलं बी.कॉम. आता एका विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून पूर्ण करते आहे. तिसरं सत्र सुरू होतंय. विषय पाच : कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब), सांख्यिकी, इन्कम टॅक्स, कंपनी कायदा आणि इंग्रजी संवादकौशल्य. विद्यापीठ सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये देतं, एकूण 1,350 पानं. छापील संच हवा असेल तर सत्राला 3,200 रुपये वेगळे. गेल्या वर्षी सगळं मोबाईलवर वाचलं. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटायचं, पण परीक्षेत अकाउंट्सची उदाहरणं सुटेनात. आमचे हे म्हणतात, 18,000 चा टॅबलेट घेऊन टाकू, कायमची कटकट मिटेल. नणंद म्हणते, अभ्यास पुस्तकातूनच होतो. घरी 15 इंची जुना लॅपटॉप आहे. परीक्षा त्याच्यावरच, कॅमेरा चालू ठेवून द्यायची असते. मी काय करू?
– एक वाचक, फोंडाघाट

ताई, नमस्कार.

तुम्ही पैशांचा हिशेब नीट मांडला आहे, पण तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य वेगळंच आहे : ‘वाचताना सगळं कळल्यासारखं वाटायचं.’ हा अनुभव फक्त तुमचा नाही. 2018 साली स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी 2000 ते 2017 या काळात झालेले 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यात 1 लाख 70 हजारांहून जास्त वाचक होते. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो स्क्रीनवर वाचणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त समजला होता. फरक फार मोठा नव्हता, पण दोन ठिकाणी तो ठळक दिसला. माहितीपर मजकूर असेल तिथे, म्हणजे पाठ्यपुस्तकात असतो तसा, आणि वाचायला वेळ मोजका असेल तिथे. कथा वाचताना असा फरक आढळला नाही. यातल्याच एका संशोधिकेच्या आधीच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. स्क्रीनवर वाचणाऱ्यांचा आपल्याला किती आलं याचा अंदाज जास्त चढा असतो, म्हणून ते लवकर थांबतात. नोकरी, घर, मूलबाळ सांभाळून रात्री तासभर वाचणाऱ्या माणसाला वेळेची चणचण रोजचीच असते. तेव्हा गेल्या वर्षी तुमचा अभ्यास कमी पडला असं समजू नका. चुकीच्या विषयासाठी चुकीचं साधन वापरलं गेलं, एवढंच.

‘विषयासाठी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. नणंद आणि तुमचे हे, दोघंही पाचही विषयांना एकच उत्तर देत आहेत आणि आमच्या मते गफलत तिथेच आहे. कॉस्टिंग आणि इन्कम टॅक्स ही वाचायला, वापरायला आणि जुनी व्हायला एकमेकांहून इतकी वेगळी पुस्तकं आहेत की त्यांचा निर्णय एकत्र होऊच शकत नाही.

कॉस्टिंगपासून सुरुवात करू, कारण तुमची खरी अडचण त्याच जातीची आहे. प्रक्रिया खात्याचं, म्हणजे माल बनण्याच्या एकेका टप्प्याच्या खर्चाचं, एक उदाहरण डोळ्यांसमोर आणा. वर आठ-दहा ओळींची माहिती : कच्चा माल, मजुरी, अप्रत्यक्ष खर्च, सर्वसाधारण तोटा टक्क्यांत, भंगाराचा दर. खाली पहिल्या प्रक्रियेचं खातं, मग दुसऱ्या प्रक्रियेचं, आणि पुढच्या पानावर असाधारण तोट्याचं खातं आणि कामाच्या टिपा. दुसऱ्या प्रक्रियेत आलेला आकडा कुठून आला हे समजायला नजर सारखी वर-खाली आणि मागच्या पानावर जावी लागते. आता मोबाईलचं माप बघा. साडेसहा इंची मोबाईलची स्क्रीन उभी धरली तर जेमतेम 7 सेंटीमीटर रुंद असते आणि ए-4 पान 21 सेंटीमीटर. पूर्ण पान बसवलं की 12 पॉइंटचं अक्षर 4 पॉइंटचं होतं. ते वाचता येत नाही, म्हणून आपण बोटांनी मोठं करतो आणि खात्याची उजवी बाजू स्क्रीनबाहेर जाते. मोबाईल आडवा धरला तर अक्षर साधारण साडेआठ पॉइंटचं दिसतं, पण पानाचा फक्त एक तृतीयांश भाग समोर राहतो. म्हणजे नावे बाजू दिसते तेव्हा जमा दिसत नाही, आणि खातं दिसतं तेव्हा प्रश्न दिसत नाही. मग आपण आकडे लक्षात ठेवायच्या ऐवजी छापलेल्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढे सरकतो. ‘कळलं’ असं वाटतं ते इथे. परीक्षेत उत्तर छापलेलं नसतं.

म्हणून कॉस्टिंग कागदावरच घ्या, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. डावीकडे पुस्तक, उजवीकडे वही. आधी सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर कोऱ्या कागदाने झाका, वहीत स्वतः सोडवा, मग कागद ओळ-ओळ खाली सरकवत तपासा. जिथे आकडा चुकला तिथे समासात पेन्सिलीने कारण लिहा : ‘भंगाराची रक्कम वजा केली नाही’, ‘एककं विसरले’. महिन्याभरात तुमच्या नेहमीच्या चुका त्या समासातच दिसू लागतील. पीडीएफवरही शेरा लिहिता येतो, पण एका शेऱ्यासाठी चार टिचक्या मारायला लागल्या की माणूस तो लिहायचा सोडून देतो.

आणखी एक कारण ऑनलाइन शिकण्यातच आहे. तासाचा व्हिडिओ मोबाईलवर चालू असतो. पुस्तकही मोबाईलवरच असेल तर दोन्हींतलं एकच समोर राहतं. सर फळ्यावर उदाहरण सोडवत असताना तेच उदाहरण तुमच्या हाताशी उघडं असायला हवं.

सांख्यिकीचंही असंच, फक्त इथे विद्यापीठाचीच प्रत हवी असं नाही. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध, निर्देशांक यांची सूत्रं पाच वर्षांत बदलत नाहीत. जुन्या आवृत्तीचं पुस्तक चालतं. पुण्यात कोणी नातेवाईक असेल तर अप्पा बळवंत चौकातून एखादं वापरलेलं पुस्तक घेऊन पाठवायला सांगा, मात्र त्याआधी तुमच्या अभ्यासक्रमाच्या पानाचा फोटो त्यांना पाठवा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. प्रकरणं जुळली तरच घ्या. पुस्तकं पाठवण्यासाठी टपाल खात्याने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू केली आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून 5 किलोपर्यंत 100 रुपये, अधिक कर, असा तिचा दर आहे. ती रस्त्याने जाते, तेव्हा घाई असेल तर उपयोगाची नाही. कणकवलीतल्या वाचनालयातही एकदा चौकशी करा. सांख्यिकीची जुनी पुस्तकं कपाटात पडून असतात, कारण त्यांना फारसं कोणी मागत नाही.

आता इन्कम टॅक्स. इथे छापील पुस्तक विकत घेण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि जुनं पुस्तक तर फुकट मिळालं तरी नको. 1961 च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, 2025 आला असून तो 1 एप्रिल 2026 पासून लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या तोंडी असलेलं 80-सी हे कलम नव्या कायद्यात 123 क्रमांकावर गेलं आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ या जोडीच्या जागी एकच ‘करवर्ष’ आलं आहे. मात्र 2025-26 या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो. म्हणजे प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षाच्या उत्पन्नावर आहे, यावर तुम्ही कोणता कायदा शिकायचा हे ठरतं. हे विद्यापीठाला विचारल्याशिवाय या विषयाचं एक पानही छापू नका. शिवाय दर वर्षी फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात दर, मर्यादा, वजावटी बदलू शकतात. पीडीएफ बदलून देता येते, छापलेलं पान बदलत नाही. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आयकर विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो, तो उतरवून घ्या.

पण टॅक्समध्येही गणितं आहेतच. पगाराचं उत्पन्न, घरभाड्याचं उत्पन्न, एकूण उत्पन्नाची आकारणी. तेवढ्या प्रकरणांतली सोडवलेली उदाहरणं, साधारण 40 पानं, छापून घ्या. सिद्धांत स्क्रीनवर, उदाहरणं कागदावर. हा विषय असा विभागूनच नीट होतो.

कंपनी कायदा पूर्ण पीडीएफवर वाचा. तो शोधत वाचायचा विषय आहे. संचालकांची पात्रता एका घटकात, त्यांना काढून टाकण्याची पद्धत दुसऱ्यात, आणि प्रश्न येतो तो दोन्हींना मिळून. मूळ कंपनी अधिनियम, 2013 इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पुस्तकातल्या मर्यादांवर डोळे झाकून विसंबू नका. लहान कंपनीच्या व्याख्येतल्या भांडवल आणि उलाढालीच्या मर्यादा 2021 मध्ये बदलल्या आणि 2022 मध्ये पुन्हा बदलल्या. तुमच्या पीडीएफमध्ये कोणते आकडे आहेत ते पाहा, म्हणजे ती कधी लिहिली गेली हेही समजेल.

इंग्रजी संवादकौशल्याला छपाईचा एक रुपयाही खर्च करू नका. तो ऐकायचा आणि बोलायचा विषय आहे.

आता हिशेब. समजा कॉस्टिंगची 320 पानं आणि सांख्यिकीची 240 पानं तुम्ही स्वतः छापून घेतलीत. पाठपोट छपाईचा एका बाजूला दीड रुपया धरला तर 840 रुपये. कॉस्टिंगचे दोन भाग आणि सांख्यिकीचा एक अशी तीन स्पायरल, प्रत्येकी 40 रुपये धरले तर 120. टॅक्सची 40 पानं धरून सगळं मिळून हजार-सव्वा हजारात बसतं. सांख्यिकीचं जुनं पुस्तक मिळालं तर आणखी साडेतीनशे वाचतील. तुमच्या दुकानातला दर वेगळा असेल, पण 3,200 च्या निम्म्याहून कमीच पडेल. संच चांगला छापलेला आणि बांधलेला असतो हे खरं, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त पानांची तुम्हाला गरज नाही. शिवाय छापील संच उशिरा हाती पडणं ही दूरशिक्षणातली जुनी तक्रार आहे. स्वाध्याय देऊन झाल्यावर आलेलं पुस्तक काय कामाचं?

(इतर वाचकांसाठी : इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, दूरशिक्षणात प्रवेशाच्या अर्जातच छापील की डिजिटल हे विचारतात, आणि डिजिटल निवडलं तर शुल्कात 15 टक्के सूट मिळते. वरची विभागणी तिथेही चालते. डिजिटल निवडा आणि वाचलेल्या पैशांत गणिताचे विषय छापून घ्या. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर घटकवार पीडीएफमध्ये आहेत आणि ती कुणालाही उघडता येतात. ताई, कॉस्टिंगच्या जादा उदाहरणांसाठी तुम्हीही तिथे जा. ती इंग्रजी-हिंदीत आहेत, पण आकड्यांना भाषा आडवी येत नाही.)

छपाईत काय चुकतं ते आधीच सांगून ठेवतो, कारण दुकानात पैसे गेल्यावर ते परत मिळत नाहीत.

फाईल पेन ड्राइव्हवर न्या, किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पानांचे फोटो काढून पाठवले की अक्षर पुसट होतं आणि बारीक आकड्यांत 3 की 8 हे ओळखू येत नाही. एका कागदावर दोन पानं छापून पैसे वाचवण्याचा मोह टाळा. त्यात अक्षर सात दशांश होतं, 12 पॉइंटचं साडेआठ. इंग्रजीत ते निभतं, देवनागरीत रफार, उकार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात आणि रात्री दिव्याखाली डोळे दुखू लागतात. पाठपोट सांगताना ‘लांब बाजूवर उलटणारी’ असं सांगा, नाहीतर मागचं पान उलटं छापलं जातं. डावीकडे स्पायरलसाठी निदान दोन सेंटीमीटर जागा सुटली आहे का बघा. सुटली नसेल तर पान 95 टक्क्यांवर छापायला सांगा.

सगळी फाईल छापायला देण्याआधी खाती असलेली चार पानं छापून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. दुकानातल्या संगणकावर फॉन्ट नसेल आणि फाईलमध्येही तो बसवलेला नसेल तर काना-मात्रा सुटतात किंवा चौकोन उमटतात. अशा वेळी अॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट अॅज इमेज’ हा पर्याय निवडायला सांगा. छपाई हळू होते, पण अक्षर जसंच्या तसं येतं.

आणि कोकणात राहता म्हणून एक खास सूचना : छपाई लेझर प्रिंटरवर करून घ्या. शाईच्या प्रिंटरवर छापलेली पानं पावसाळी दमटपणात आणि ओल्या हातांनी पसरतात, हायलाइटर फिरवला तर शाई ओढली जाते. लेझरची टोनर पावडर उष्णतेने कागदावर बसते, ती पाण्याने पसरत नाही. जाडीचा अंदाजही असू द्या. 75 जीएसएमच्या (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाच्या) 100 ए-4 कागदांचा गठ्ठा साधारण एक सेंटीमीटर जाड आणि अर्ध्या किलोच्या जवळ असतो. पाठपोट छापलेली 160 पानं म्हणजे 80 कागद. एवढा भाग पिशवीत सहज मावतो आणि सपाट उघडा राहतो, म्हणूनच कॉस्टिंगचे दोन भाग करायला सांगितलं.

आता जे विषय स्क्रीनवर ठेवायचे त्यांची तयारी. ही आधी केली नाही तर डिजिटलचे फायदे कागदावरच राहतात.

पहिल्यांदा टॅक्सची पीडीएफ लॅपटॉपवर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि ‘वजावट’ हा शब्द टंकून शोधा. या शब्दात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, म्हणून चाचणीला सोपा. पुस्तकभर तो शेकड्याने असणार. सापडला तर उत्तम. एकही सापडला नाही तर फाईल दोनपैकी एका प्रकारची आहे. एक, ती पानांची चित्रं आहेत, म्हणजे स्कॅन. मजकुरावरून माउस ओढला तर ओळ निवडली जात नाही. दोन, ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये बनवली आहे. अशा फॉन्टमध्ये आपल्याला ‘व’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते, त्यावरून हा प्रकार ओळखता येतो. या दोन्ही प्रकारांत शोध चालत नाही आणि मोबाईलकडून मोठ्याने वाचूनही घेता येत नाही. कायद्याची पीडीएफ अशी निघाली तर प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला बुकमार्क लावा आणि वहीत एका पानावर कलम, विषय आणि पान क्रमांक अशी स्वतःची सूची करा. दोन संध्याकाळी जातील, पण परीक्षेच्या आठवड्यात तीच सूची उपयोगी पडेल.

फाईल युनिकोडमध्ये असली तरी ‘निर्धारण’, ‘विक्री’ असे शब्द कधीकधी सापडत नाहीत, कारण पीडीएफ बनवताना रफार आणि पहिली वेलांटी यांचा क्रम बिघडतो. तेव्हा ‘धारण’ किंवा ‘कलम’ असा साधा तुकडा टाकून शोधा.

दुसरं, फाईल उतरवून ठेवा. संकेतस्थळावर उघडून वाचू नका. लॉगिनची मुदत संपते, शुल्क थकलं तर ते बंद होतं आणि फोंडाघाटच्या वाटेवर रेंज जाते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या फाईलवर केलेल्या खुणा बहुतेक वेळा जतन होत नाहीत, म्हणून पीडीएफ वाचायचं एक ठरावीक अॅप घ्या. पहिल्याच दिवशी एक ओळ हायलाइट करा, फाईल बंद करा, ती गुगल ड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉपवर उघडून ती खूण दिसते का बघा. दिसली तर खुणा फाईलमध्ये राहतात. नाही दिसली तर त्या फक्त त्या अॅपमध्ये आहेत आणि मोबाईल बिघडला तर गेल्याच. सत्राच्या मध्यात विद्यापीठाने नवी पीडीएफ टाकली तर जुनी पुसू नका, तुमच्या खुणा तिच्यात आहेत. नव्या फाईलच्या नावात तारीख घाला.

एसटीतला वेळ कंपनी कायद्याला द्या, पण कॉस्टिंगला देऊ नका. हलत्या गाडीत खाती होत नाहीत. मोबाईल विमान मोडवर टाका, दोन पानं वाचा, स्क्रीन बंद करा आणि वाचलेल्यातलं काय आठवतं ते मनात म्हणा. स्क्रीनवर वाचताना जो खोटा भरवसा येतो, त्यावर आम्हाला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उतारा हाच : दर दोन-तीन पानांनी न बघता आठवून पाहणं. रात्री घरी मात्र पीडीएफ लॅपटॉपवर वाचा. 15 इंची लॅपटॉपवर ए-4 पान खऱ्या मापात अर्धं तरी दिसतं, मान खाली घालावी लागत नाही आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर बघितलं की डोळ्यांनाही आराम पडतो.

टॅबलेटचं काय? तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, पण या कारणासाठी 18,000 घालवू नयेत असंच आमचं मत. 11 इंची टॅबलेट उभा धरला तर त्याची रुंदी जवळपास ए-5 कागदाएवढी असते. पूर्ण पान दिसतं, पण अक्षर पुन्हा साडेआठ पॉइंटच्या आसपास. म्हणजे मोबाईलपेक्षा बरं, छापील पानापेक्षा बारीक. टॅक्स आणि कंपनी कायदा त्यावर छान वाचून होतील, पण ते काम लॅपटॉप आणि मोबाईल आताही करतात. कॉस्टिंग त्यावरही अवघडच जाईल. बी.कॉम.ची चार सत्रं बाकी धरली तर वर सांगितलेल्या पद्धतीने छपाईचा एकूण खर्च चार-पाच हजारांच्या घरात राहील. लॅपटॉप फारच जुना असेल, परीक्षेत कॅमेरा किंवा बॅटरी दगा देईल अशी भीती असेल, तर तेच पैसे लॅपटॉप दुरुस्त करण्यात घाला. परीक्षा त्याच्यावर आहे.

परीक्षा स्क्रीनवर आहे, मग सराव कागदावर कशाला, असं कुणी म्हणेल. शिकणं आणि परीक्षा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकताना कागद वापरा, पण परीक्षेआधीचे तीन आठवडे दर रविवारी एक नमुना प्रश्नपत्रिका लॅपटॉपवर उघडा, हाताशी फक्त कोरे कागद आणि कॅल्क्युलेटर ठेवा आणि पूर्ण वेळ लावून सोडवा. कॅल्क्युलेटर आणि कोरे कागद परीक्षेत चालतात का, हे तुमच्या विद्यापीठाच्या सूचनांत आधी वाचा. प्रश्न स्क्रीनवर आणि आकडेमोड कागदावर असली की आकडा उतरवून घेताना चुका होतात. 45,600 चे 46,500 होतात. ही सवय मोडायला तीन-चार प्रश्नपत्रिका लागतात, एका रात्रीत ती जात नाही.

व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर खासगी प्रकाशकांच्या पुस्तकांच्या ‘फुकट पीडीएफ’ येतील. त्या घेऊ नका. लेखकाचा आणि प्रकाशकाचा हक्क त्यात बुडतो, हे पहिलं कारण. दुसरं तुमच्या मार्कांचं : त्या बहुतेक जुन्या आवृत्त्या असतात, मधली पानं गायब असतात आणि टॅक्समध्ये जुन्या आवृत्तीचं नुकसान काय ते वर सांगितलंच. विद्यापीठाची स्वतःची पीडीएफ स्वतःच्या अभ्यासासाठी छापणं ही वेगळी गोष्ट आहे. तरी तिच्या दुसऱ्या पानावरच्या हक्कांच्या सूचना एकदा वाचून घ्या.

विकतची ई-पुस्तकं घ्यायची वेळ आली तर मुदत बघा. काही ठिकाणी पैसे भरून फक्त ठरावीक महिन्यांचा प्रवेश मिळतो. पुस्तक आपलं होत नाही, वाचायचा परवाना मिळतो. मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान 2019 मध्ये बंद केलं, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत दिले, पण विकत घेतलेली पुस्तकं त्यांना पुढे उघडता आली नाहीत.

छापील संचाचे पैसे भरायची मुदत संपायच्या आत विद्यापीठाच्या विद्यार्थी कक्षाला ईमेल करा. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं. विचारायचं एवढंच : पीडीएफ उतरवून छापता येते की फक्त संकेतस्थळावर पानं उलटत वाचता येते, एखाद्याच विषयाचं छापील पुस्तक वेगळं मिळतं का आणि केवढ्याला, या सत्राची इन्कम टॅक्सची परीक्षा कोणत्या वर्षाच्या उत्पन्नावर आणि कोणत्या कायद्यावर आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2020 च्या नियमांत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वतःची चाचणी असे चार भाग धरलेले आहेत, तेव्हा वाचनसाहित्याबद्दल स्पष्ट उत्तर मागणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. पीडीएफ उतरवता येत नाही असं उत्तर आलं तर आमचा सल्ला बदलतो. मग कॉस्टिंग सुटं मिळत असेल तर तेवढंच विद्यापीठाकडून घ्या, आणि सुटं मिळत नसेल तर या सत्रापुरता 3,200 चा संच घ्या. कॉस्टिंगशिवाय राहू नका.